उमेदवार आणि ताळेबंद

'उमेदवार' हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांसमोर निवडणुकीचा फलक येतो. हात जोडलेला माणूस आणि त्याच्या खाली चिन्ह. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी मुलखात हा शब्द दुसऱ्याच माणसाचा होता. उमेद म्हणजे आशा. नोकरी लागेल या आशेवर जो कचेरीत बिनपगारी राबतो, कारकुनाच्या मागे बसून नकला करतो, दप्तर उचलतो, बेरजा ताडून पाहतो, तो उमेदवार. मोल्सवर्थच्या कोशातही शब्दाचा अर्थ आशेवर ताटकळणारा असाच आहे. पुढे राजकारणाने हा शब्द पळवला आणि मूळ अर्थाच्या वाट्याला 'प्रशिक्षणार्थी' हा सरकारी शब्द आला. तरी 'माझे उमेदवारीचे दिवस' असे म्हातारी माणसे अजून म्हणतात, तेव्हा त्यांना मतपेटी अभिप्रेत नसते.

या जुन्या अर्थाने उमेदवारी करणारी मुले-मुली आजही आपल्या आसपास आहेत. नगर शहरात सावेडीला, चितळे रोडला, मार्केट यार्डाच्या परिसरात सकाळी दहाच्या सुमारास पाठीला लॅपटॉपची बॅग लावून जिने चढणारी वीस-एकवीस वर्षांची मुले दिसतात. विचारले तर सांगतात, 'सीएंकडे आर्टिकलशिप करतोय.' (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, बोलण्यात नगर अजून नगरच आहे, आणि या लेखातही मी दोन्ही नावे सोयीने वापरणार आहे.) दिवसा हिशेब तपासायचे, सकाळ-रात्र परीक्षेचा अभ्यास करायचा आणि महिन्याला घरभाडेही निघणार नाही एवढे विद्यावेतन घ्यायचे, असा हा व्यवहार. या मुलांवर लिहावे असे वाटण्याचे कारण सहानुभूती हे नाही. जिल्ह्यातल्या हजारो ठेवीदारांच्या पैशावर बाहेरची जी पहिली नजर पडते, ती पुष्कळदा यांची असते, हे त्याचे कारण आहे.

मी स्वतः सनदी लेखापाल नाही. वाणिज्य शाखेची बारावी झाल्यावर शिक्षण सुटले. मार्केट यार्डातल्या एका अडतीवर दिवाणजींच्या हाताखाली खतावणी शिकलो आणि पुढे बरीच वर्षे एका पतसंस्थेत लेखनिक होतो. म्हणजे टेबलाच्या या बाजूला ऑडिटची मुले बसत आणि त्या बाजूला मी व्हाउचरच्या फायली घेऊन बसे. जुन्या हिशेबवह्या जमवण्याचा छंद तेव्हापासूनचा. त्या छंदातून वाचन वाढले आणि त्यातून हा विषय हाती आला.

प्रथम 'आर्टिकल' म्हणजे काय ते पाहू. बहुतेकांना वाटते की हे एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव असावे. प्रत्यक्षात आर्टिकल म्हणजे करारातले कलम. गुरू आणि शिष्य यांच्यात कलमवार करार होतो. मी निष्ठेने काम करीन, अशिलाचे गुपित बाहेर फोडणार नाही, असे शिष्य लिहून देतो. मी याला हा व्यवसाय शिकवीन, असे गुरू लिहून देतो. या कलमांनी बांधला गेलेला तो 'आर्टिकल्ड क्लार्क'. पुढे क्लार्क शब्द कमीपणाचा वाटू लागला म्हणून नियमावलीत 'आर्टिकल्ड असिस्टंट' झाला. कराराचा नमुना क्रमांक १०२, नोंदणीचा १०३, मुदत पुरी झाल्याचा १०८ आणि मध्येच गुरू सोडायचा असेल तर १०९. हे चार आकडे या मुलांना स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ असतात. त्यातला १०९ सगळ्यांत अवघड. पहिल्या वर्षानंतर ठरावीक कारणांशिवाय गुरू बदलता येत नाही, त्यामुळे १०९ चे बोलणे निघाले की कार्यालयात घटस्फोटासारखी कुजबुज सुरू होते.

ही पद्धत विलायतेतून आली. इंग्लंड आणि वेल्समधल्या लेखापालांच्या संस्थेला १८८० मध्ये राजसनद मिळाली. 'चार्टर्ड'मधला चार्टर तो हाच, आणि आपण केलेले 'सनदी' हे भाषांतर म्हणूनच नेमके आहे. तिकडे उमेदवाराला पैसे मिळण्याऐवजी त्याच्या बापालाच गुरूकडे 'प्रीमियम' नावाची मोठी रक्कम भरावी लागे. आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासणीचे प्रमाणपत्र असलेला माणूस लागू लागला. १९१८ मध्ये मुंबई सरकारने 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी', म्हणजे जीडीए, सुरू केला. त्यासाठी परीक्षा आणि मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी अशी दुहेरी अट होती. १९३२ मध्ये अखिल भारतीय नियम आले आणि नावापुढे 'आरए' म्हणजे रजिस्टर्ड अकाउंटंट लावता येऊ लागले. १९३३ मध्ये मद्रासच्या आर. शिवभोगम ही परीक्षा उत्तीर्ण होऊन देशातल्या पहिल्या स्त्री लेखापाल ठरल्या. स्वातंत्र्यानंतर १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला आणि मुंबईचे जी. पी. कापडिया संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. आज लागू असलेल्या १९८८ च्या नियमावलीत ४७ वा नियम उमेदवाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रीमियम घेण्याला बंदी करतो आणि लगेच पुढचा ४८ वा नियम गुरूने उमेदवाराला विद्यावेतन द्यावे असे सांगतो. शिष्याने गुरूला द्यायचे की गुरूने शिष्याला, हा जुना वाद या दोन नियमांच्या मधल्या रेघेवर मिटला आहे.

हा इतिहास मुंबईचा झाला. तालुक्यांच्या जिल्ह्यात ही उमेदवारी कशी रुजली, हा माझ्या दृष्टीने अधिक रंजक भाग आहे.

मी अडतीवर कामाला लागलो तेव्हा दिवाणजी दिवाळी वर्षाच्या गोष्टी सांगत. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा, पहिल्या पानावर श्री, आणि पाडव्यापासून नवे खाते. हा त्यांच्या दृष्टीने नुसता धार्मिक विधी नव्हता, हिशेबाचे वर्ष खरोखरच तिथे सुरू होई. आयकर कायदा तेव्हा व्यापाऱ्याला आपले हिशेबी वर्ष निवडू देत असे. कापड बाजारातला कोणी दिवाळी वर्ष धरी, कोणी मार्चअखेर, तर सहकारी संस्थांचे वर्ष ३० जूनला संपे. आकारणी वर्ष १९८९-९० पासून सरकारने सर्वांना ३१ मार्चचे एकच वर्ष लावले. वहीपूजन राहिले, पण पुजायच्या वह्या अर्ध्या भरलेल्या असतात. या बदलाचा उमेदवारांवर झालेला परिणाम मात्र कोणी फारसा लिहिलेला नाही. पूर्वी तपासणीचे काम बारा महिन्यांत पसरलेले होते. दिवाळीचे अशील हिवाळ्यात, मार्चचे उन्हाळ्यात, जूनचे पावसाळ्यात. आता सगळी कामे एप्रिल ते सप्टेंबरच्या खिंडीत शिरतात. ठरलेले तास आठवड्याला ३५. पण सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा कसा जातो हे त्या मुलांच्या आयांना विचारावे.

दुसरा बदल त्याच्या थोडा आधीचा. १९८४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४४ एबी हे कलम घातले. ४० लाखांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत, अशी सक्ती झाली. (ही मर्यादा पुढे वाढत एक कोटीवर गेली.) तोवर जिल्ह्याच्या गावी या व्यवसायाला मुख्यतः विवरणपत्रे भरण्याचे काम होते. ४४ एबीने कांदा-भुसाराच्या अडत्यांना, आडते बाजारातल्या ठोक दुकानदारांना, ठेकेदारांना कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावल्या. काम वाढले म्हणजे हात लागतात, आणि स्वस्त व हुशार हात म्हणजे उमेदवार. पुण्याला खोली घेऊन राहणे ज्यांना झेपत नव्हते अशा मुलांना गावातच वाट मिळाली. शहरात आज संस्थेची शाखाही आहे.

तिसरा बदल खास आपल्या जिल्ह्याचा म्हणावा असा. या जिल्ह्याला सहकाराची पंढरी म्हणतात. लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर संगमनेर, कोपरगाव, राहुरी, सोनई, श्रीगोंदे, अकोले असे कारखाने झाले. त्यांच्याभोवती बँका, दूधसंघ, विकास सोसायट्या आणि पतसंस्था. या संस्थांचे ऑडिट दीर्घकाळ बव्हंशी सहकार खात्याचे लेखापरीक्षक करत. ९७ वी घटनादुरुस्ती झाली आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने आपला सहकार कायदा बदलला. आता संस्थेची वार्षिक सभाच शासनमान्य नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमते, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट पुरे व्हावे लागते. सनदी लेखापालांच्या कार्यालयांत एकदम नवे काम आले. चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात माळीवाड्याहून किंवा तारकपूरहून सकाळची एसटी पकडून पाथर्डी, जामखेड, शेवगाव, नेवाशाला ऑडिटला जाणारी मुले-मुली दिसू लागली. त्यांच्या संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातले आहे, सारे झोपलेले असताना जो जागा असतो त्याच्याविषयीचे. सकाळच्या जामखेड गाडीत मी या बोधवाक्याचे भावी वारस खिडकीला डोके टेकून गाढ झोपलेले पाहिले आहेत.

आता टेबलाशी येऊ.

पतसंस्थेत ऑडिटची मुले आली की पहिली गडबड चहाची होते. नंतर मिसळ येते, दुपारी कोणा संचालकाच्या घरचे जेवण, निघताना पेढ्यांचा पुडा. आतिथ्य हा आपल्याकडे गुण आहे आणि त्यात खोटेपणा असतोच असे नाही. पण कर्जफायली मागितल्यावर अर्धा तास चहाच येत राहिला, तर त्या चहाला अर्थ असतो. जाणत्या कार्यालयांत नव्या मुलाला पहिल्या दिवशी एवढेच सांगतात की चहा घ्यायचा, जेवणाचा डबा आपला न्यायचा. पाठ्यपुस्तकात 'लेखापरीक्षकाचे स्वातंत्र्य' या मथळ्याखाली पानेच्या पाने असतात. त्या पानांचा मला समजलेला अर्थ हा डबा आहे.

मग काम सुरू होते ते 'व्हाउचिंग'चे. प्रत्येक नोंदीमागचा कागद पाहायचा. पावतीवर तारीख आहे का, सही आहे का, रक्कम किर्दीशी जुळते का, खर्च मंजूर करणारा ठराव आहे का, आणि जुळले की रंगीत पेन्सिलीने बारीक खूण करायची. लाल, हिरवी, जांभळी. कोणत्या तपासणीला कोणती खूण हे प्रत्येक कार्यालयाचे ठरलेले असते. या खुणेला टिक म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम माकडाचे वाटते. दिवसाला चारशे टिका मारणे म्हणजे शिक्षण कसले, असे पालकही विचारतात. मला या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ उशिरा कळले. चारशे सरळ कागद डोळ्यांखालून गेल्याशिवाय चारशेएकावा वाकडा कागद वाकडा दिसत नाही. एकाच हस्ताक्षरात भरलेल्या सात वेगवेगळ्या दुकानांच्या पावत्या, रविवारची तारीख असलेला बँकेचा भरणा, घडी न पडलेले जुने बिल. हे कोणत्याही पुस्तकात यादी करून शिकवता येत नाही. डोळ्याला सवय लागावी लागते, आणि सवय लागायला कंटाळा यावा लागतो.

तेरीज जुळत नसेल तेव्हा दिवाणजींनी मला शिकवलेली युक्ती आणि ऑडिटच्या मुलांना त्यांच्या वरिष्ठांनी शिकवलेली युक्ती एकच निघाली, याचे मला नवल वाटले होते. फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहायचे. ७,८३० च्या जागी ७,३८० लिहिले गेले तर फरक ४५० येतो, ९ गुणिले ५०. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. भाग गेला तर आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचा. भाग गेला नाही तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक दुप्पट होतो. संगणकावर टॅली आल्यापासून तेरीज आपोआप जुळते. त्यामुळे ही विद्या जवळपास मेली आहे. त्याबद्दल हळहळण्यासारखे काही नाही, पण जुळलेली तेरीज म्हणजे खरा हिशेब, असा एक भ्रम नव्या मुलांत त्यामुळे आला आहे. नोंद मुळातच खोटी असेल तर ती दोन्ही बाजूंना सारखीच खोटी असते आणि तेरीज सुरेख जुळते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या गावोगावचे 'नवे-जुने'. कर्ज थकले आहे, वसुली नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच कर्जदाराला नवे कर्ज मंजूर होते आणि त्या रकमेतून जुने कर्ज व्याजासह फिटते. कागदोपत्री एक वसुली झाली, एक चांगले कर्ज वाढले, व्याजाचे उत्पन्न आले. प्रत्यक्षात तिजोरीतून एक नोटही हलली नाही. नव्वद दिवसांहून जास्त थकलेले कर्ज अनुत्पादक धरून त्यासाठी तरतूद करावी लागते, ती या एका दिवसाच्या कसरतीने टळते. पुस्तकात याला मोठी इंग्रजी नावे आहेत. जागेवर ते ओळखू येते एवढ्याशा गोष्टीवरून की कर्जवाटपाचे व्हाउचर आणि वसुलीचे व्हाउचर यांचे क्रमांक लागोपाठ आहेत आणि दोन्हींवर तारीख एकच. हे वरिष्ठाला दिसत नाही, कारण त्याच्यापुढे बेरजा जातात. हे दिसते व्हाउचरचा गठ्ठा ओळीने चाळणाऱ्याला.

भाषेचा पेच याहून मोठा आहे. संस्थेची किर्द मराठी. त्यात 'तसलमात', 'अनामत', 'सादिलवार' असे शब्द. मुलाचे पाठ्यपुस्तक इंग्रजी, त्याची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीत ती देता येत नाही. म्हणजे हा उमेदवार हिशेबनीस होण्याआधी दुभाष्या होतो. तसलमात म्हणजे कामासाठी आगाऊ उचललेली रक्कम, काम झाल्यावर हिशेब देऊन मिटवायची. इंग्रजी तक्त्यात ती 'लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेस' या घसघशीत मथळ्याखाली ढकलली की एकदम प्रतिष्ठित होते. मराठी जाणणारा मुलगा मात्र थबकतो. शाखेच्या उद्‌घाटनासाठी घेतलेली तसलमात तीन वर्षांनीही तसलमातच कशी? मंडप अजून उतरला नाही का? मी लेखनिक असताना अशा खात्यांची भीती आम्हाला साहेबांपेक्षा खेड्यातून आलेल्या मुलांच्या प्रश्नांमुळे जास्त वाटे, कारण त्यांना शब्दाचा अर्थ घरूनच ठाऊक असे.

पासबुक पडताळणीचेही असेच. खतावणीत ठेवीदाराची जी शिल्लक आहे तीच त्याच्या पासबुकात आहे का, हे काही खात्यांपुरते प्रत्यक्ष पाहायचे असते. पिग्मीच्या बाबतीत तर एजंटाने ग्राहकाच्या कार्डावर केलेली नोंद आणि संस्थेत भरलेली रक्कम या दोहोंत फट पडू शकते. भाजीवाली बाई रोजचे पन्नास रुपये देते, कार्डावर पन्नास पडतात, संस्थेत किती पोचले हे कार्ड आणि खतावणी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी उठून बाजारात जावे लागते. कारखान्याच्या गोदामातही तेच. साखरेच्या पोत्यांची थप्पी लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला की पोत्यांचा आकडा येतो. पण थप्पी आतून पोकळ असेल तर गुणाकार बरोबर आणि आकडा खोटा. त्या साखरेवर बँकेचे मालतारण कर्ज असते. म्हणून वर चढावे लागते. शर्टाला साखरेचा चिकटा लागतो, आणि ज्या मुलाच्या शर्टाला तो कधीच लागलेला नाही त्याच्या प्रमाणपत्रावर मी तरी फार भरवसा ठेवणार नाही.

येथे त्या मुलाला मिळते काय, ते सांगितले पाहिजे. विद्यावेतनाचे किमान दर गावाच्या लोकसंख्येवर ठरतात. २० लाख आणि त्यावरची शहरे, ४ ते २० लाख, आणि ४ लाखांखालची, अशा तीन पायऱ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत नगर शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपण तळाच्या पायरीवर. या पायरीवर बरीच वर्षे दरमहा पहिल्या वर्षाला ५००, दुसऱ्याला ७५० आणि तिसऱ्याला १,००० रुपये हा दर होता. नंतर तो वाढला, २०२३ च्या नव्या योजनेत पुन्हा दुप्पट झाला, तरी पायऱ्या राहिल्या. मोठ्या शहरात राहण्याचा खर्च जास्त, हे त्यामागचे तर्कशास्त्र मान्य आहे. पण पुण्यातल्या उमेदवाराला वातानुकूलित कार्यालयात बसून संगणकावर तपासायला मिळते, आणि आमच्याकडचा जामखेडला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर एसटी करतो. माणशी डोकी मोजून कामाची किंमत ठरवणारा हा नियम मला कधी पटला नाही. चांगली कार्यालये किमान दरापेक्षा जास्त देतात, प्रवासखर्च वेगळा देतात. सगळी देत नाहीत.

इतके कमी पैसे असल्यामुळे एक रोग वाढतो, त्याला मुले 'डमी' म्हणतात. करार कागदावर करायचा, हजेरीपटावर सह्या करायच्या आणि घरी बसून अभ्यास करायचा. गुरूला फुकट नोंदलेला हात, शिष्याला पूर्ण वेळ. संस्थेच्या नियमांत हे गैरवर्तन आहे. मोह का होतो हे परीक्षेचे गणित पाहिले की कळते. प्रत्येक विषयात किमान ४० गुण आणि गटाची सरासरी ५० टक्के, अशी दुहेरी चाळणी. सगळ्या विषयांत उत्तीर्ण होऊनही सरासरी दोन गुणांनी हुकली की अख्खा गट पुन्हा. दिवसभर नेवाशाला टिका मारून रात्री साडेनऊला घरी आलेल्या मुलीला त्या दोन गुणांचा हिशेब कोणाकडे मागायचा हे कळत नाही. पूर्वी केलेल्या सेवेच्या सहाव्या हिश्श्याइतकी रजा साठवून परीक्षेआधी एकदम घेता येई. तीन वर्षांची उमेदवारी आणि शेवटी काही महिन्यांची रजा, अशी वहिवाट होती.

१ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली आहे. मधल्या परीक्षेचे दोन्ही गट आधी उत्तीर्ण व्हायचे, मग दोनच वर्षांची उमेदवारी, वर्षाला १२ रजा, आणि उमेदवारी संपल्यावर सहा महिन्यांनी अंतिम परीक्षा. म्हणजे काम आणि अंतिम अभ्यास यांची ताटातूट केली. मुलांच्या जिवाला यात आराम आहे, हे कबूल. डमीचा मोहही कमी व्हावा. पण मी ज्या कार्यालयांतून चौकशी केली तिथले जुने लोक एकच गोष्ट सांगतात. पहिले वर्ष टिका मारण्यात जाते, दुसऱ्यात कर-लेखापरीक्षण कळू लागते आणि तिसऱ्या वर्षी मुलगा दोन नव्या मुलांना घेऊन एकटा तालुक्याला जातो. तिसऱ्या वर्षी तो प्रश्न विचारायला शिकतो. कापले गेले ते हे तिसरे वर्ष. दुसरे असे की सकाळी 'तरतुदी'चे प्रकरण वाचून दुपारी 'नवे-जुने' पाहणे आणि रात्री पुन्हा तेच प्रकरण उघडणे, या फेऱ्यात जे घडत होते ते दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्यावर घडेल का, याचे उत्तर पहिल्या काही तुकड्या बाहेर पडल्यावर मिळेल. मोठ्या शहरातल्या बड्या कार्यालयांत तिसऱ्या वर्षाची उणीव प्रशिक्षणवर्गांनी भरून निघेल. चार खोल्यांच्या कार्यालयात ती कोण भरणार?

आणि हा प्रश्न गुरू-शिष्यांपुरता राहत नाही. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. शतकाहून जुनी, गावाच्या तीन-चार पिढ्यांची बँक. ठेवविम्याचे संरक्षण पाच लाखांपर्यंत. त्यावरच्या रकमेसाठी वाट पाहणे आले. दोष कोणाचा हे ठरवायला तपासयंत्रणा आणि न्यायालये आहेत, त्यात मी पडत नाही. मला येथे सांगायचे आहे ते त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कानावर पडणाऱ्या एका प्रश्नाविषयी. 'दर वर्षी ऑडिट होतं ना? मग ते काय बघत होते?' विचारणाऱ्याच्या मनात ऑडिट म्हणजे सुटाबुटातला कोणी अधिकारी असतो. बँक असो वा पतसंस्था, जिल्ह्यातल्या बहुतेक ऑडिटांत व्हाउचरचा गठ्ठा सोडणारा हात वीस वर्षांच्या मुलाचा असतो, हे त्याला ठाऊक नसते.

कायद्याने जबाबदारी मात्र वाढवून ठेवली आहे. सहकार कायद्याच्या ८१ व्या कलमात आता अशी तरतूद आहे की हिशेबासंबंधी गुन्हा घडल्याचा निष्कर्ष निघाला तर लेखापरीक्षकाने अहवाल दिल्यापासून १५ दिवसांत निबंधकाला विशिष्ट अहवाल द्यायचा आणि त्यांच्या परवानगीने स्वतः पोलिसांत फिर्याद नोंदवायची. टाळले तर नामतालिकेतून नाव जाऊ शकते. ही फिर्याद ज्या कागदावर उभी राहते तो कागद प्रथम कोणाच्या हाती पडतो? तो त्याने वरिष्ठापुढे ठेवला तर पुढचे सगळे. वरिष्ठाने 'राहू दे, पुढच्या वर्षी पाहू' म्हटले तर मुलगा काय करणार, याचे उत्तर नमुना १०२ मध्ये नाही. गुपित न फोडण्याचे कलम आहे, आणि १०९ वर सही वरिष्ठाचीच लागते. चांगल्या गुरूकडे हा प्रसंग येत नाही. म्हणूनच मुलगा कोणत्या कार्यालयात शिकला, ही त्याच्या घरची खाजगी बाब आहे असे मला वाटत नाही.

अहवालावर सही एकाच माणसाची असते, सदस्य क्रमांकासह. २०१९ पासून प्रत्येक सहीला अठरा अंकी ओळखक्रमांकही लागतो, म्हणजे बनावट सही पकडता यावी. उमेदवाराचे नाव अहवालात कुठेही येत नाही. ते येते आतल्या कामाच्या कागदांवर. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, 'केले' आणि 'तपासले'. 'केले'च्या चौकटीत त्याची दोन आद्याक्षरे आणि तारीख. ही फाइल किमान सात वर्षे जपावी लागते. नगरच्या रद्दीवाल्यांकडे मला अडतीच्या, किराणा दुकानांच्या, एकदा तर एका बैलबाजाराच्या जुन्या वह्या मिळाल्या, पण ऑडिटच्या कामाची फाइल एकही हाती लागलेली नाही. मुदत संपली की ती यंत्रात घालून बारीक पट्ट्या कराव्या लागतात, आणि तेही काम त्या वर्षीच्या सगळ्यांत नव्या उमेदवाराकडेच असते.